गुणिले शंभर

परवा रात्री दाजींनी आमच्या फॅमिली ग्रुपवर हिशेब टाकला. महिन्याचा पगार 5700 युरो, गुणिले 12, गुणिले 100 (एका युरोचे शंभर रुपये धरून), झाले 68 लाख 40 हजार, वर आठ टक्के हॉलिडे पे, म्हणजे जवळजवळ 74 लाख, आणि खाली 'तरी मामा म्हणतोय विचार कर' असं लिहून ते हसून हसून रडणारे तीन चेहरे. पाच मिनिटांत सात अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा, ती कशालाही अंगठा देते हे मला माहितीये, तरी लागलं.

तर तो मामा मी, नेदरलँड्समध्ये राहणारा. भाच्याला त्याच्या पुण्याच्या कंपनीने अॅमस्टरडॅमच्या ऑफिसला ट्रान्सफर देऊ केलीय. त्याने ऑफर लेटर मला पाठवलं, मी रविवारची अख्खी दुपार घालवून ते दोनदा वाचलं आणि एचआरला विचारायला अकरा प्रश्न लिहून दिले. त्याने ते कौतुकाने बापाला दाखवले आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दाजींचं म्हणणं, कंपनी पाठवतेय हीच मेहेरबानी, जास्त तोंड उघडलंस तर बंगलोरच्या कुणाला पाठवतील आणि तो न वाचता सही करेल. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पने एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, अमेरिका संपली, आता युरोपवाले बोलावतायत तर नखरे कसले करता.

इथवर ठीक होतं हो. दाजींचं मी मनावर घेत नाही, पंचवीस वर्षं झाली. पण मग एका चुलतभावाने लिहिलं, 'वर चढून झालं की शिडी ओढून घ्यायची, सगळे एनआरआय असेच.' त्यावर उत्तर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, रात्रीचा एक वाजला, सकाळी साडेआठला ऑफिसची स्टँडअप मीटिंग होती. म्हणून जे ग्रुपवर लिहिलं नाही ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट तो 5700. आयएनडीचा, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याचा, 2025 सालचा किमान पगाराचा आकडा, तिशी ओलांडलेल्या केन्निसमिग्रांटसाठी (बाहेरून आणलेला कुशल कर्मचारी), महिन्याला 5688 युरो. त्याच्या खाली परवानाच मिळत नाही. भाचा 31 चा. म्हणजे कंपनीने कायद्याने द्यायलाच लागते त्या रकमेवर बारा युरो जास्त दिलेत. बारा युरोत स्टेशनवर दोन कॉफ्या आणि एक आपेलटार्ट, म्हणजे सफरचंदाचा केक, येतो. आणि 'डिसेंबरच्या आत सही करा' अशी एचआरची जी घाई चाललीय ना, तिचंही कारण आहे, हा आकडा दर जानेवारीत वाढतो आणि अर्ज ज्या दिवशी पडतो त्या दिवशीचा आकडा धरतात. जानेवारीत अर्ज गेला तर कंपनीला नाइलाजाने पगार वाढवावा लागेल. दाजी, तुम्ही कोथरूडचा फ्लॅट घेताना बिल्डरशी कव्हर्ड पार्किंगवरून चार महिने भांडलात, ताईच्या लग्नात केटररशी ताटामागे दोन रुपयांवरून वाद घातला हे मी स्वतः बघितलंय, आणि पोराच्या आख्ख्या आयुष्याचा करार आला तर म्हणता न वाचता सही कर?

दुसरं, ते गुणिले शंभर. 5700 मधले हातात चार हजारांच्या आसपास येतात. थर्टी पर्सेंट रुलिंग, म्हणजे बाहेरून आणलेल्या माणसाच्या तीस टक्के पगारावर टॅक्स माफ, असेल तर अंदाजे 4800. आठशे युरोंचा फरक, दर महिना, पाच वर्षं, मध्ये 2027 पासून नव्या लोकांना ते 27 टक्के होणार तेवढं सोडा. आणि गंमत अशी की ऑफर लेटरमध्ये रुलिंगचा शब्दसुद्धा नव्हता. एचआर फोनवर म्हणाली, 'दॅट विल बी टेकन केअर ऑफ.' अहो, तो अर्ज कंपनी आणि माणूस दोघांनी मिळून करायचा असतो, आल्यापासून चार महिन्यांच्या आत केला तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो, आणि काही कंपन्या तर तो फायदा स्वतःच्या खिशात धरूनच पगाराचा आकडा ठरवतात. हे लेखी मागितलं तर नखरे?

घराचं सांगतो. लेटरमध्ये 'दोन आठवडे हॉटेल' असं आहे. दोन आठवड्यांत इथे घर मिळत नाही, हॉटेलच्या पत्त्यावर गेमेन्टे, म्हणजे इथली नगरपालिका, नोंदणी करून घेत नाही, नोंदणी नाही तर बीएसएन (इथला नागरिक क्रमांक) नाही, बीएसएन नाही तर पुढचं सगळंच अडतं. घरमालक भाड्याच्या तिप्पट पगार मागतात. 5700 ला तीनने भागा, 1900. अॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलफेनमध्ये 1900 मध्ये दोन बेडरूमचं घर मिळालं तर मला फोन करा, मी पेढे घेऊन येतो.

इथे एक कबूल करतो, गुणिले शंभर मीही करतो. आठ वर्षं झाली तरी. इंडियन दुकानात मेथीची जुडी अडीच युरो बघितली की डोक्यात अडीचशे रुपये वाजतात आणि मी ती परत ठेवतो, मग बायको येते आणि टोपलीत टाकते. पुण्यात गेलो की उलटं, सगळं भागिले शंभर, रिक्षावाल्याला सुट्टे परत मागत नाही आणि ताई म्हणते माज आलाय. तर हिशेब दाजी एकटेच चुकतात असं नाही.

मी 2017 ला आलो तेव्हा युरो पंचाहत्तरच्या आतबाहेर होता आणि मी एकही प्रश्न विचारला नव्हता. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, मी 'थँक यू सर' म्हणालो आणि खाली जाऊन सगळ्यांना वडापाव दिला. आयसीटीवर, कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यावर, आलो. म्हणजे नोकरी पुण्याच्याच कंपनीची, बसायचं इथे, जास्तीत जास्त तीन वर्षं. पीएफ पुण्यात चालू. भारत आणि नेदरलँड्सचा 2011 पासूनचा करार आहे, एकीकडे भरताय तर दुसरीकडे भरू नका. ऐकायला झकास. पण इथे भरलं नाही तर इथलं मिळतही नाही. एओडब्ल्यू, म्हणजे इथलं सरकारी म्हातारपणाचं पेन्शन, वर्षाला दोन टक्क्यांनी साठत जाते, माझी ती तीन वर्षं कोरी, सहा टक्के गेले. (पीएफ साठला ते मी भांडताना सांगत नाही, पण साठला, बऱ्यापैकी साठला.)

रुलिंग मला कधीच मिळालं नाही. पहिली तीन वर्षं पगार पुण्याहून, कुणी अर्ज केला नाही, मला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. 2020 मध्ये लोकल कॉन्ट्रॅक्ट झालं तेव्हा विचारलं तर उत्तर आलं, हे बाहेरून आणलेल्या माणसांसाठी असतं, तुम्ही तर इथेच राहता. बाकी कुठेही गेलो तरी मी बाहेरचा. केस कापायला गेलो तरी बाई विचारते मूळचे कुठले. नेमकं टॅक्सच्या फॉर्मवर तेवढा इथला.

आणि रुलिंग असलं की इंडियन लायसन्स देऊन डच लायसन्स नुसतं बदलून मिळतं हे किती जणांना माहितीये? घरच्यांनासुद्धा मिळतं. रुलिंग नसेल तर परीक्षा. मी पुण्यात, लक्ष्मी रोडवर, गणपतीच्या दिवसांत गाडी चालवलेला माणूस, इथे दोनदा नापास झालो. एकदा सायकलवालीकडे मान वळवून बघितलं नाही म्हणून. आरशात बघितलं होतं! परीक्षक म्हणाला, मला तुमची मान दिसली पाहिजे.

ग्रॅच्युइटीचं तर दाजींच्या डोक्यातच नव्हतं, आणि ते स्वतः बँकेतून रिटायर झालेत. भाच्याला पुण्यात साडेचार वर्षं झालीत. डच कंपनीचं नवीन कॉन्ट्रॅक्ट म्हणजे पुण्यात राजीनामा. पाच वर्षांना सहा महिने कमी. सर्व्हिस सलग धरू असं पत्र घेतलं नाही तर पावणेतीन-तीन लाख पाण्यात. रुपयांत सांगतोय दाजी, गुणायची गरज नाही.

आता सूनबाई, भाच्याची बायको. ती शिवाजीनगर कोर्टात वकिली करते, सात वर्षं झाली, आता कुठे स्वतःच्या केसेस यायला लागल्यात. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'ती काय, तिकडे आराम करेल.' हे वाचलं तेव्हा बायको शेजारीच होती. काही बोलली नाही, उठून डिशवॉशर रिकामा करायला लागली, जरा जास्तच आवाज करत.

बायको डेंटिस्ट. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, एक खुर्ची, पेशंट जिन्यात बसायचे. इथे आलो तेव्हा तिच्या कार्डावर छापलेलं होतं, काम करायला मोकळीक. छापलेलं खरंच होतं. पण दात बघायचे तर बीआयजीत, म्हणजे डॉक्टर-डेंटिस्टांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद लागते, त्यासाठी आधी डच, मग परीक्षा, डचचा क्लास पॅकेजमध्ये नाही कारण मी मागितला नाही, मुलगी दोन वर्षांची, क्रेशचा तासाचा भाव बघून आम्ही लॅपटॉप मिटला. त्याआधी तिचा जन्मदाखला. बार्शी नगरपालिकेच्या त्या दाखल्यावर तिचं नावच नव्हतं, नावाची जागा मोकळी आणि पुढे 'स्त्री'. सासरे दोनदा बार्शीला गेले, मग मंत्रालयाचा शिक्का, मग अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का), सगळं आमच्या खर्चाने. आज ती एका लॉजिस्टिक्स कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघते, डच माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलते. तिचा दवाखान्यातला आरसा आणि प्रोब अजून किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे. मुलीचा दात हलायला लागला की बाहेर येतो.

म्हणून प्रश्न क्रमांक चार होता, सूनबाईच्या डच क्लासचे पैसे कोण देणार. यात शिडी ओढायचं काय आहे?

इथे ऑफिसात कुणी पगारावर बोललं तर कुणाला राग येत नाही. माझा डच कलीग वर्षाला एकदा बॉसकडे जातो, आकडा सांगतो, बॉस 'नी', म्हणजे नाही, म्हणतो, दोघं कॉफी घेऊन येतात आणि फुटबॉलवर बोलतात. आपल्याकडे मागणं म्हणजे बेइमानी. साहेबाने दिलं तर प्रसाद, मागितलं तर माज. असं मी नेहमी सांगतो आणि ऐटीत सांगतो. पण खरं सांगू का, मी स्वतः इथे आठ वर्षांत एकदाच मागितलंय, तेही ईमेलने, शुक्रवारी संध्याकाळी, आणि पाठवल्यावर फोन बंद करून सायकल काढून पार आम्स्टरडाम्से बॉस नावाच्या जंगलापर्यंत गेलो होतो.

चुलतभावाच्या शिडीकडे परत येतो, कारण ते डोक्यातून जात नाही. मी भाच्याला 'येऊ नको' असं एकदाही म्हणालो नाही. पण अकरा प्रश्न लिहिताना नववा, दहावा येईपर्यंत मला एक प्रकारची मजा यायला लागली होती, हे आठवलं. बघ, किती अवघड आहे, मी केलंय. हे चुलतभावाला दिसलं असेल का, एवढ्या लांबून? आणि आणखी एक. भाचा आला तर रविवारी आमच्याकडे जेवायला असेल, घरात पुण्याचं मराठी बोलणारं अजून कुणी असेल, मुलगी त्याला दादा म्हणेल. मग मी घाबरवतोय की बोलावतोय हे माझं मलाच धड सांगता येत नाही.

काल एचआरचं उत्तर आलं. रुलिंग लेखी देणार. घर दोन आठवड्यांऐवजी दोन महिने. सर्व्हिस सलग धरणार. अपोस्टीलचा खर्च बिलं दिली की मिळेल. दोन वर्षांत सोडलं तर रिलोकेशनचे सगळे पैसे परत, ही अट होती, ती दर महिन्याला कमी होत जाणारी केली. क्लासचं 'बघू'. पगारात एक सेंट वाढला नाही, आणि अकरावी गोष्ट, परत यायचं झालं तर पुण्यात त्याच पदावर जागा आणि सामानाचा खर्च, याला सरळ नाही. ग्रुपवर दाजींनी लिहिलं, 'पोराने बरोबर मागून घेतलं. बापावर गेलाय.' नऊ अंगठे. मीही दिला.

रात्री भाच्याचा फोन. "मामा, तुझ्या लेटरमध्ये होतं का रे ते परत यायचं?"

मी म्हटलं, थांब, बघतो. 2017 चं पत्र काढलं. होतं. पुण्यात त्याच ग्रेडची जागा, तिघांची तिकिटं, वीस फुटी कंटेनर. मग 2020 चं लोकल कॉन्ट्रॅक्ट काढलं, शेवटच्या पानावर एक ओळ, यापूर्वीची सर्व पत्रं रद्द समजावीत. खाली माझी ई-साइन, वेळ संध्याकाळी 6.12. मला ती संध्याकाळ चांगली आठवते, आल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या रांगेत होतो, जमिनीवर दीड मीटरचे स्टिकर, एका हातात दुधाचे कॅन, दुसऱ्या हाताने अंगठ्याने स्क्रोल करत खाली गेलो आणि बटण दाबलं.

"होतं," म्हटलं, "मग मी सही करून सोडलं."

"का पण?"

"रांगेत माझा नंबर आला होता."

तो हसला, त्याला वाटलं गंमत करतोय. मग त्याने विचारलं, तिकडे इंडक्शन असतं ना, कुकर कुठला आणू. म्हटलं तीन लिटरचा आण, जाड बुडाचा, आणि शिट्ट्या दोन जास्तीच्या आण, एक आम्हाला.