कोळसा टाकला म्हणून कोंबडीखतातले तांबे जात नाही

"कोंबडीखतात दहा टक्के कोळशाची भुकटी मिसळा, वर गांडुळे सोडा. दीड महिन्यात सगळे जड धातू नष्ट होतात. प्रयोगशाळेत 95 टक्के धातू निघाल्याचे सिद्ध झाले आहे." या अर्थाचा मजकूर शेतकऱ्यांच्या गटांत सध्या फिरतो आहे. खतात कोळसा घालायला आमची हरकत नाही. पण धातू गेले असे समजून कोणी दुप्पट खत टाकले, तर ते तांबे जमिनीतून परत काढता येत नाही.

"नष्ट होतात." तांबे, जस्त, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत, ती कुजत नाहीत. कुजताना उडून जातो तो मुख्यतः कार्बन आणि पाणी, म्हणून उरलेल्या खतात धातूचे प्रमाण उलट वाढते. समजा 1,000 किलो कोरड्या खतात किलोमागे 200 मिलिग्रॅम तांबे आहे, म्हणजे एकूण 200 ग्रॅम. कुजून कोरडे वजन 600 किलो झाले की तेच 200 ग्रॅम तांबे किलोमागे 333 मिलिग्रॅम भरते. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला 300 ची मर्यादा आहे. आता सुरुवातीलाच 100 किलो कोळसा घातला असता तर? तो फारसा कुजत नाही, ढीग 700 किलोचा होतो आणि आकडा 286 वर येतो. कागदावर खत पास! प्रत्यक्षात एक ग्रॅमही तांबे बाहेर गेलेले नाही, फक्त वजन वाढले आहे.

"कोळसा धातू शोषून घेतो." हे अर्धे खरे आहे. कोळशाच्या पृष्ठभागावर तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम धरून ठेवले जातात, सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) वाढल्यानेही ते कमी विरघळतात आणि पिकाला लागू होणारा भाग घटतो. हा फायदा खरा आहे, पण धातू खतातच राहतो. आर्सेनिक आणि सहा-संयुजी क्रोमियमचे गणित तर वेगळेच. ते ऋण भाराच्या रूपात फिरतात, साध्या कोळशाला नीट चिकटत नाहीत, आणि सामू चढला की आर्सेनिक आणखी सुटे होऊ शकते.

कोळसा म्हणजे चुलीतली राख नव्हे. तुराट्या किंवा पऱ्हाट्या हवा कमी देऊन जाळायच्या, राख होण्याआधी पाणी मारून विझवायच्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या बारीक करून ओल्या करायच्या आणि ढीग रचतानाच मिसळायच्या. कोंबडीखतात राख किंवा चुना घातला तर सामू आठच्या वर जाऊन अमोनिया उडतो. ढीग पलटताना डोळे चुरचुरायला लागले, की समजा नत्र हवेत चालले आहे.

"प्रयोगशाळेत 95 टक्के." असे आकडे बहुधा पाण्यावरच्या प्रयोगांचे असतात: शुद्ध पाण्यात एकच धातू विरघळवायचा, सामू पाचच्या आसपास ठेवायचा, त्यात भाताचा तूस, संत्र्याची साल किंवा कोळसा ढवळून गाळायचा. तिथे धातू पाण्यातून निघून सालीत जातो आणि साल वेगळी काढता येते. खताच्या ढिगातून कोळसा वेगळा कसा काढणार? शिवाय खतात कॅल्शियम, पोटॅशियम आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्याच जागांसाठी चढाओढ करतात.

"गांडुळे खाऊन टाकतात." गांडुळे कॅडमियम अंगात साठवतात, तांबे आणि जस्त मात्र शरीरात बऱ्यापैकी नियंत्रित ठेवतात. ढिगातल्या एकूण साठ्यापुढे ही मात्रा नगण्य आहे. तीच गांडुळे कोंबड्यांना किंवा माशांना घातली तर कॅडमियम पुन्हा खाद्यात शिरते.

खरा उपाय खाद्यात आहे. ब्रॉयलरची तांब्याची गरज खाद्याच्या किलोमागे साधारण 8 मिलिग्रॅम आहे. वाढ झपाट्याने व्हावी म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घातले की हे प्रमाण 125 ते 250 पर्यंत जाते, आणि त्यातले बहुतेक विष्ठेत उतरते. म्हणून खत विकत घेताना शेडवाल्याला प्रीमिक्समधले (खाद्यात मिसळायच्या खनिज-जीवनसत्त्वांच्या मिश्रणातले) तांबे आणि जस्त किती, ते विचारा.

द्राक्षवाल्यांनी दोन्ही बाजूंचा हिशेब धरावा. किलोमागे 300 मिलिग्रॅम तांब्याचे पाच टन कोरडे खत हेक्टरी दीड किलो तांबे देते. बुरशीसाठी द्राक्षावर फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुना) 1,000 लिटरमध्ये 10 किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे असते. जस्ताकडे मात्र त्याच नजरेने पाहू नका. आपल्या बऱ्याच जमिनींत उपलब्ध जस्त कमी आहे, तिथे खतातले जस्त पिकाच्या कामाचेच आहे.

तपासणीसाठी ढिगाच्या आतून दहा-बारा ठिकाणचे खत घ्या, एकत्र कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा. कालवायला प्लॅस्टिकची बादली वापरा. जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात कालवले तर घमेल्याचेच जस्त अहवालात येते. प्रयोगशाळेला एकूण धातू आणि डीटीपीए या रसायनाने निघणारा, म्हणजे साधारण पिकाला लागू होणारा धातू असे दोन्ही आकडे कोरड्या वजनावर मागा. कोळशाने काही फरक पडला असेल तर तो दुसऱ्या आकड्यात दिसेल.