पुण्यात उलटंच आहे
स्वस्त भाड्याची घरं वाढवायची तर घरमालकाला मालमत्ता करात सूट द्या, हा लेखातला मुद्दा पटला. पण आमच्या पुण्यात नेमकं उलटं आहे. इथे ४० टक्के सवलत मिळते ती मालक स्वतः राहत असेल तर. १९७० पासूनची सवलत, मध्ये बंद केली, २०२३ मध्ये परत आली. महापालिकेचा पीटी-३ अर्ज भरा, स्वतः राहतो हे दाखवा. भाडेकरू ठेवला की गेली!

माझं वन रूम किचन पोळ्यांची कामं करणाऱ्या एका मावशींना दिलंय. कराचं बिल आलं की मी ते भाड्यातच धरतो, खोटं कशाला बोलू? म्हणजे सवलत बंगल्यात राहणाऱ्याला आणि बोजा मावशींच्या पोळपाटावर. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी आहे. तेवढं नाही तर निदान ती ४० टक्के तरी कमी भाड्याच्या घरांना द्या. फक्त नोंदणीकृत करार आणि भाड्याची कमाल मर्यादा, या अटी हव्यातच. नाहीतर आम्ही मालक सूट खिशात घालू आणि दर ११ महिन्यांनी भाडं वाढवायचं ते वाढवूच.