पहाटे चारची फुली

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वर निळ्या शाईत ‘पहाटे ४ ला उठणे’, पुढे आठवड्याचे सात चौकोन. दोनांत बरोबरची खूण, पाचांत फुल्या. तळाशी लाल पेनाने, दोनदा गिरवून, ‘मी आळशी आहे.’

तो सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सवयी कशा लावाव्यात, मन कसं आवरावं अशी पुस्तकं त्याच्या उशाशी असतात, बहुतेक अनुवादित. त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर नेहमी जुंपते. काका म्हणतात, या अनुवादांनी कथा-कादंबऱ्यांची जागा खाल्ली. ताई म्हणते, पोरगा मोबाईल सोडून काहीतरी वाचतोय ना! मराठी पुस्तकांच्या चर्चांतही हेच दोन सूर ऐकू येतात. मला दोन्ही अपुरे वाटतात. ते लाल वाक्य दोघांनीही वाचलेलं नाही.

मी बारा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. इथल्या पुस्तकांच्या दुकानांतही ‘राटगेबर’, म्हणजे सल्ला देणाऱ्या पुस्तकांची कपाटं असतात, त्यामुळे मराठी वाचकच उथळ झाला हे मला पटत नाही. फरक दुकानाबाहेर आहे. पहिल्या वर्षी एका रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायला निघालो, तर तळमजल्यावरच्या आजींनी जिन्यात अडवलं. आज रविवार आहे, काच फुटल्याचा आवाज होतो, उद्या जा. राग आला होता. मग कळलं की इथे रविवारला राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या जुन्या, ‘वायमार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेने तसंच ठेवलं, आणि त्यात रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हटला आहे. १९९४ च्या कायद्याने रोजचं काम साधारण ८ तासांवर बांधलं, आणि आजचं काम संपल्यावर उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती ठरवून दिली. नर्सला, आचाऱ्याला रविवारीही जावं लागतं, पण त्याबदली दुसरी सुटी द्यावी लागते.

आपल्याकडे २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि त्यावर केवढा वाद झाला. पुण्यात नोकरी करताना मी तसे आठवडे काढलेत. ही पुस्तकं सगळ्यात जास्त वाचली ती तेव्हाच, कंपनीच्या बसमध्ये, डुलक्या घेत. मनाजोगतं जगायचं तर स्वतःकडे बघा, असं प्रत्येक पान सांगायचं. बघायला वेळ कुठून आणायचा? तेव्हा मीही स्वतःला आळशीच समजत होतो. इथे आल्यावर एकही नवं पुस्तक न घेता डायरी लिहायला लागलो, कारण संध्याकाळी सहानंतर ऑफिसातून कुणाचा फोन येत नव्हता.

तरी माझं लिहिलेलं बघणारं इथे कुणी नव्हतं. दोन वर्षं मी त्याच त्या तक्रारी लिहीत राहिलो.

या सगळ्या पुस्तकांचा पूर्वज म्हणजे स्कॉटिश लेखक सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’, १८५९ चं. ते जन्मलं कसं, हे त्यानेच लिहून ठेवलंय. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले दोन-तीन कामकरी तरुण संध्याकाळी एकमेकांना शिकवायला जमू लागले. ज्याला जे येतं ते त्याने इतरांना द्यायचं. संख्या वाढली, तेव्हा त्यांनी एक कळकट खोली भाड्याने घेतली. तिथे आधी कॉलऱ्याचा तात्पुरता दवाखाना होता, म्हणून ती कुणी घेत नव्हतं. स्माइल्सने या मुलांपुढे भाषणं केली, त्यातून पुस्तक झालं. मला हे फार मोलाचं वाटतं. नावात ‘स्वतः’ असलेलं पुस्तक शंभरेक जणांच्या खोलीतून आलं, आणि आपण ते एकेकट्याच्या उशाशी नेऊन ठेवलं. मग जे जमत नाही त्याचा सगळा दोष त्या एकट्याच्याच माथी येतो.

भाच्याला फोन केला. पुस्तकाबद्दल काही बोललो नाही. विचारलं, खोलीतला दिवा कधी बंद होतो?

“दोनला, मामा. चौघं आहोत ना, दोघं रात्रीच वाचतात.”

“मग दोनला झोपून चारला उठणार कसा? त्यांना सांगितलंस?”

“त्यांना काय सांगायचं? माझा प्रॉब्लेम आहे.”

म्हटलं, वही त्यांना दाखव. रविवारी एक तास चौघांनी बसा, ज्याची त्याची वही पुढ्यात घेऊन. तो काही बोलला नाही. लाजला असावा.

परवा त्याचा मेसेज आला, “मामा, तिघांच्या वहीत पहाटे ४ आहे. फुल्या पण तशाच.” सोबत त्याच पानाचा फोटो. लाल वाक्य अजून आहे. शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लिहिलंय, ‘दिवा १२ ला बंद, रात्रीवाले दोघं अभ्यासिकेत.’