पंचवीस घोड्यांचा प्रश्न

गाडी जोरात पळावी अशी इच्छा असणं आणि ती पळवायला मोकळा रस्ता मिळणं, हे दोन योग पुण्यात एका माणसाच्या पत्रिकेत सहसा एकत्र येत नाहीत. सिंहगड रोडला राहणाऱ्याच्या तर नाहीच नाहीत. तरीही आमच्या गाडीचा परफॉर्मन्स वाढवायचा, असं घरात ठरलं. घरात म्हणजे पुतण्याने ठरवलं. पैसे माझे असल्यामुळे मला कळवण्यात आलं.

गाडी पोलो. सेकंडहँड, एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कागदावर ११० पीएस, म्हणजे अश्वशक्ती. चाकणला बनणारी ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून तिच्या मालकांना आपण एखादा वारसा जपतोय असं वाटू लागलं. मला तसलं काही वाटत नव्हतं. आमच्या पार्किंगच्या खांबांमधून ती निघते, एवढ्यावर मी तिला पसंत केलं होतं. पण पोलो घेऊन ती स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, चालवणं हा पुतण्याच्या मते गुन्हाच. ‘स्टॉक’ हा शब्द तो ज्या सुरात उच्चारतो, त्या सुरात आमची आजी ‘विकतची पुरणपोळी’ म्हणायची.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, आणि कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये आहे. ही मुलं वर्षभर रात्री जागून एका माणसाची रेसकार बनवतात आणि कोइमतूरला, करी मोटर स्पीडवेवर, फॉर्म्युला भारत नावाच्या स्पर्धेत उतरवतात. त्या गाडीला छत नाही, डिकी नाही, मागची सीट नाही आणि तिच्यात सासरे बसत नाहीत. गाडीविषयीची त्याची सगळी मतं या चार गोष्टींच्या अभावातून तयार झालेली आहेत.

तो मला एका ट्यूनरकडे घेऊन गेला. ट्यूनर म्हणजे गॅरेजवाला नव्हे. गॅरेजवाला हात पुसून बोलायला लागतो, ट्यूनर लॅपटॉप उघडून. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, “सर, डेली की ट्रॅक?”

“डेली,” मी म्हणालो. “सिंहगड रोड ते हिंजवडी.”

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. पण धंदा धंदा असतो. पुन्हा उघडून त्याने रिमॅप समजावून सांगितला. टर्बोने किती दाब द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, याचे तक्ते इंजिनाच्या ईसीयूत, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरमध्ये, लिहिलेले असतात. रिमॅप म्हणजे ते नव्याने लिहिणं. कंपनी ते हात राखून लिहिते. कारण तीच गाडी राजस्थानच्या उन्हातही चालायची असते, कसल्याही पंपावरच्या पेट्रोलवर चालायची असते आणि सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यावर ढकलणाऱ्या मालकाच्या हातातही टिकायची असते. म्हणजे ही राखीव ताकद कंपनीने नेमकी माझ्यासारख्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बाजूला काढली होती, आणि आता ती मीच विकत घ्यायची होती. टर्बो नसलेल्या इंजिनात या उद्योगातून फारसं हाती लागत नाही, कारण हवा आत येते तेवढीच येते. टर्बोवाल्यात ती आणखी कोंबता येते.

“एकशे दहाचे एकशे पस्तीस आरामात होतील,” ट्यूनर म्हणाला. “पंचवीस घोडे, सर.”

एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर वर उचलण्याची ताकद. ७५ किलो म्हणजे दिवाळीआधीचा मी. म्हणजे हे पंचवीस घोडे माझ्यासारखे पंचवीस जण दर सेकंदाला मीटरभर वर उचलू शकतात. मी ट्यूनरला म्हटलं, त्यांनी मला एकट्याला गाडीसकट उचलून नवले पुलाच्या पलीकडे ठेवायची तयारी दाखवली तर ॲडव्हान्स आत्ता देतो. तो हसला नाही. पुतण्याने त्याची माफी मागितली.

पण घोडे एकटे येत नाहीत, हे त्यानंतरच्या तासाभरात कळलं. त्यांना जास्त हवा लागते, म्हणून इनटेक. आत गेलेली हवा बाहेर पडायला हवी, म्हणून डाऊनपाइप आणि एक्झॉस्ट. दाब वाढला की हवा तापते, म्हणून मोठा इंटरकूलर. टॉर्क वाढला की क्लच घसरण्याची भीती, म्हणून क्लच. आणि पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. तिथे माझे कान टवकारले. पंपावरचा मुलगा ‘साहेब, पॉवर टाकू?’ म्हणतो ते हेच का, असं विचारलं. ट्यूनरने प्रामाणिकपणे सांगितलं की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटणार नाही याची ती हमी. दाब वाढवला तरच तिचा खरा उपयोग, एरवी साध्या इंजिनात महाग पेट्रोल ओतून पडणारा फरक मुख्यतः बिलात दिसतो. इतकी वर्षं सोसायटीतले एक गृहस्थ आपल्या जुन्या वॅगनारमध्ये दर दसऱ्याला ‘पॉवर’ भरतात आणि ‘गाडी खूश होते’ म्हणतात. त्यांना हे सांगायचं धैर्य मला झालेलं नाही.

एक्झॉस्टवर आमच्या घरात सर्वाधिक चर्चा झाली, कारण पुतण्याने मोबाइलवर आवाज ऐकवला. पाय उचलला की मागून फट्-फट्-फटाक. याला पॉप्स अँड बँग्ज म्हणतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर थोडं पेट्रोल मुद्दाम उशिरा पेटवायचं, म्हणजे ते इंजिनात जळून गाडी पुढे न्यायच्या ऐवजी सायलेन्सरकडे जाऊन जळतं. शंभर रुपयांहून महाग लिटरचं पेट्रोल आणि त्याचा उपयोग मागून येणाऱ्या ॲक्टिवावरच्या काकूंना दचकवायला. बायकोने क्लिप शांतपणे ऐकली आणि विचारलं, “अहो, हे दुरुस्त करायला किती घेतील?”

मग मी कायदा वाचला. माणूस घाबरलेला असला की कायदा चांगला समजतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कायद्याला मान्य नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला! मी ट्यूनरच्या कोटेशनशेजारी आणखी एक रकाना आखला. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं ते वेगळंच. वॉरंटीचा विषय आमच्या सेकंडहँड गाडीत निघतच नव्हता, पण इन्शुरन्सचा होता. न कळवलेला बदल सापडला की क्लेमच्या वेळी कंपनीला बोलायला जागा मिळते. पुतण्या म्हणाला, “काका, तू नेहमी निगेटिव्ह बघतोस.” मी म्हटलं, लायसन्स माझं आहे.

गाडी खाली बसवायचा प्रस्ताव त्यामानाने लवकर निकालात निघाला. लोअरिंग स्प्रिंग टाकले की गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली येते, गुरुत्वमध्य खाली जातो, वळणावर कलत नाही. सगळं मान्य. पोलोचं पोट मुळात जमिनीपासून साडेसोळा सेंटिमीटरवर. त्यातले चार गेले, आम्ही उभयता, मेहुणे आणि मेहुण्यांची बॅग यांचे दोन-तीन गेले, तर उरलं काय? इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं लिहिलंय. आमच्या सोसायटीचा गतिरोधक गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमधून उरलेल्या काँक्रीटचा आहे. तो किती उंच करायचा हे काँक्रीट किती उरलं यावर ठरलं होतं. त्यावरून स्टॉक गाडीसुद्धा तिरकी घ्यावी लागते.

अलॉय चाकांचं प्रकरण मात्र मला खरोखर मोहात पाडणारं होतं. नाना पेठेतल्या दुकानात सतरा इंचांची काळी अलॉय भिंतीवर टांगलेली पाहिली आणि क्षणभर मी पंचविशीत गेलो. पण रिम मोठी आणि चाकाचा बाहेरचा व्यास तेवढाच ठेवायचा, तर टायरची भिंत बारीक होते. ही भिंतच खड्ड्याचा मार खाते. ती बारीक झाली की खड्डा थेट रिमला भेटतो, टायरच्या कडेला फुगा येतो आणि माणूस पावसाळ्याचे चार महिने रस्त्याकडे बघत चालवतो, समोर नव्हे. वर मोठी रिम बहुतेक वेळा जड, म्हणजे पिकअप कमीच. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “साहेब, दिसायला बघा ना!”

इथे मला पहिल्यांदा या धंद्याचा नियम कळला. जे दिसतं आणि ऐकू येतं त्याने गाडी फारशी सुधारत नाही, आणि ज्याने सुधारते ते कुणाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यावर पैसे घालायला मध्यमवर्गीय मराठी माणसाचा हात उचलत नाही.

पुतण्याने मग शेवटचा पत्ता टाकला. गाडी डेली आणि ट्रॅक दोन्ही! वर्षातून एकदा ट्रॅक डे करायचा, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायची. करी मोटर स्पीडवे दोन किलोमीटरच्या थोडा वर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक मोठा, पावणेचार किलोमीटरच्या आसपास. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाचाच्या थोडं वर. मी फक्त एवढंच पाहिलं की पुण्याहून कोइमतूर हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे. म्हणजे दोन किलोमीटर जोरात जायला आधी हजार किलोमीटर कुटुंबाच्या बेताने जायचं.

आणि ट्रॅकला जे लागतं ते रस्त्यावर नको असतं, हे पुतण्यानेच नकळत समजावलं. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. प्रत्येक वळणाला ते पुनःपुन्हा करायचं, म्हणून ट्रॅकचे ब्रेक पॅड तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी थंड गाडीला, वडगाव पुलाशी अचानक आडव्या आलेल्या रिक्षासमोर, ते पकड घेण्याआधी विचार करतात. ट्रॅकचे टायर कोरड्यात डिंकासारखे, पण नक्षी कमी, म्हणून पावसात पाणी बाजूला सारत नाहीत. वळणासाठी चाकं वरून आत कलती ठेवली की सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेने झिजतात. उपाय काय? “दोन सेट ठेवायचे, काका. चार चाकं आणि पॅड घरी.” बाल्कनीत सध्या तुळस, कपड्यांचा स्टँड आणि पुतण्यानेच आणून ठेवलेला एक गिअरबॉक्स आहे. शिवाय गाडीच्या साध्या पॉलिसीत रेसिंग आणि वेगचाचण्या वगळलेल्याच असतात. ट्रॅकवर भिंतीला घासलं तर खिसा आपला.

मग वजन कमी करण्याची टूम निघाली. त्याच्या टीमची मुलं बोल्टसुद्धा वजनकाट्यावर ठेवून निवडतात, म्हणून आम्ही डिकी उघडली. सासऱ्यांची घडीची खुर्ची, दोन छत्र्या, गेल्या कोकण ट्रिपचे नारळ, पाण्याचा पाच लिटरचा कॅन, बायकोच्या भिशीचं सामान आणि मेहुण्यांचं एक बंद खोकं, जे त्यांनी ‘न्यायला येतो’ म्हणून ठेवलं होतं. सगळं काढलं. गाडी खरंच हलकी वाटली. हा एकमेव फुकट अपग्रेड संध्याकाळपर्यंत टिकला. बायकोने ते सगळं परत डिकीत ठेवलं, कारण घरात जागा नव्हती.

“खरं सांगू, काका?” पुतण्या शेवटी म्हणाला. “सगळ्यात स्वस्तात फरक पडतो तो ड्रायव्हरमध्ये. एखाद्या इन्स्ट्रक्टरकडे दिवस काढ. ड्रायव्हर बदलला की गाडी बदलते.”

“मग बदला की,” बायको आतून म्हणाली.

शेवटी मी कुणालाही न सांगता नाना पेठेतल्या माझ्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कोटेशन दिलं नाही. खाली वाकून टायरच्या कडेवरचा शेवटचा चार आकडी नंबर वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मग नखाने रबर टोचलं. “साहेब, नक्षी आहे, पण रबर दगड झालंय. घोडे वाढवून काय करताय, जमिनीला लागतोय तो तळहाताएवढा तुकडा. तो पकडेल तेवढंच तुमचं.” मग त्यांनी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून दाखवलं. ते काळपट झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. घाटात सतत ब्रेक मारत उतरताना ते उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी जात राहते.

मी चार चांगले टायर घेतले, कंपनीच्याच मापाचे. पुढचे पॅड, नवं ऑइल, अलाइनमेंट-बॅलन्सिंग. बिल रिमॅपपेक्षा फार कमी आलं नाही. पण पहिल्या पावसात चांदणी चौकाच्या उतारावर पुढची बस थांबली आणि मी जिथे थांबायचं ठरवलं होतं तिथेच थांबलो. हे मला नवीन होतं. घरी आल्यावर कुणाला सांगणार? गाडी तशीच दिसत होती, तशीच वाजत होती. पुतण्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “नक्की केलंस काय?”

“टायर.”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच कुठूनतरी एक छोटा लाल स्टिकर आणून मागच्या काचेच्या कोपऱ्यात लावला. ‘स्टेज १’, म्हणजे ट्यूनर लोकांच्या भाषेत रिमॅपची पहिली पायरी. बहुधा घराण्याची अब्रू म्हणून.

त्या दिवसापासून वॉचमन मला सलाम करतो. सेक्रेटरींनी ‘रात्री जरा हळू’ अशी नोटीस लावली, नाव न घेता. आणि रविवारी मेहुणे खोकं न्यायला आले, खोकं न नेता आमच्याबरोबर खडकवासल्याला आले. येताना ते पुढच्या सीटवर होते. मी नेहमीच्याच गाडीने, नेहमीच्याच चाळिसाने नेत होतो. वाटेत त्यांनी वरचं हँडल घट्ट धरलं.

“भाऊजी, पिकअप जबरदस्त वाढलाय हो,” ते म्हणाले. “पण ॲव्हरेज पडलं असेल.”