‘वीकेंडमध्ये बालसाहित्यिक व्हा’ वाल्या त्या मेसेजबद्दल

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. "मुलांचं पुस्तक लिहिणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम" अशी सुरुवात, मग मुद्दे. पाचशे शब्द तर लिहायचेत, एका दुपारी होतात. मुलांना काहीही चालतं, फक्त सोपे शब्द वापरा आणि शेवटी बोध टाका. चित्रं एआय काढून देतं. एकदा पुस्तक आलं की घरबसल्या आयुष्यभर रॉयल्टी. घरात लहान मूल असेल तर तुम्ही अर्धे लेखक आहातच. आणि सगळ्यात खाली कोर्सची लिंक.

मी दोन-तीनदा दुर्लक्ष केलं. पण परवा माझ्या मावसबहिणीने तोच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, तू हे कधी बोलली नाहीस, मी उद्या फी भरतेय." तिला दोन लहान पोरं आहेत, घरून करता येईल असं काम ती मनापासून शोधतेय, आणि असले मेसेज नेमके अशाच लोकांच्या गळी उतरतात. मी मुलांची पुस्तकं लिहिते, बरीच वर्षं लिहितेय, त्यामुळे तिला जे फोनवर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

पाचशे शब्द, एक दुपार. शब्द कमी असतात हे खरंय, आणि पहिला खर्डा कधीकधी एका बैठकीत उतरतो हेही खरंय. पण खर्डा म्हणजे पुस्तक नाही ना. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की पानं आठ-सोळाच्या पटीत पडतात. त्यातून शीर्षक, प्रकाशनाची माहिती वगैरे पानं वजा केली की गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या उरतात, अख्खी गोष्ट तेवढ्यात बसवायची. म्हणून मी कोरे कागद दुमडून डमी करते, मजकुराचे तुकडे कापून त्यावर चिकटवते आणि बघते की पान उलटायच्या आधी कुठलं वाक्य येतंय. "दारावर टकटक झाली" हे वाक्य उजव्या पानाच्या शेवटी आलं तर मूल स्वतः पान उलटायला हात पुढे करतं, तेच वाक्य डाव्या पानावर गेलं आणि समोरच्याच पानावर पाहुणा दिसला तर उत्सुकता तिथेच संपली. मग मोठ्याने वाचायचं, जीभ अडखळली की वाक्य मोडायचं, परत वाचायचं, कारण हे पुस्तक एखादा दमलेला बाप रात्री सलग विसाव्यांदा वाचणार असतो आणि तेव्हाही ते कानाला गोड लागलं पाहिजे. याला आठवडे लागतात, कधी महिने. अमेरिकेतले मुलांचे लेखक डॉ. स्यूस यांचं ‘द कॅट इन द हॅट’ १९५७ साली आलं, त्यात वेगवेगळे शब्द आहेत फक्त २३६, आणि ते लिहायला त्यांना साधारण दीड वर्ष लागलं. तेही तोवर बरीच पुस्तकं नावावर असलेल्या माणसाला.

आता दुसरा मुद्दा, मुलांना काहीही चालतं. बाकीच्या थापांनी फार तर कोणाचे पैसे बुडतील, या वाक्याने मुलांचं नुकसान होतं, म्हणून याच्यावर मी जास्त बोलणार आहे.

ज्याने एकदाही पंचवीस अनोळखी मुलांसमोर बसून गोष्ट वाचलीय तो हे वाक्य लिहूच शकत नाही. मोठी माणसं कंटाळली तरी शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवतात, मुलं उठून खिडकीशी जातात. मजकूर आपण वाचत असतो तेव्हा ज्याला अक्षरं येत नाहीत ते मूल पूर्ण वेळ चित्र वाचत असतं, त्यामुळे पहिल्या पानावर मांजराच्या गळ्यात घंटा असेल आणि सातव्या पानावर नसेल तर ती चूक मोठ्यांना दिसत नाही, मुलं मात्र तिथे बरोब्बर बोट ठेवतात आणि "घंटा कुठे गेली?" याचं उत्तर मिळेपर्यंत गोष्ट पुढे जाऊ देत नाहीत. इतका कडक वाचक मला मोठ्यांमध्ये क्वचित भेटलाय.

आणि तो बोध. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाची गोष्ट घ्या. असल्या फटाफट पुस्तकांत शेवट ठरलेला असतो, मूल एका पानात धीट होतं आणि खाली ओळ येते की शहाणी मुलं घाबरत नाहीत. आता हे पुस्तक खरोखर अंधाराला घाबरणारं मूल ऐकतंय असं समजा. त्याची भीती गेली का? नाही. त्याला फक्त एवढंच कळलं की घाबरणं ही लाज वाटण्याची गोष्ट आहे आणि ती पुढच्या वेळी सांगायची नाही. तोतरं बोलणारं मूल, नवीन भावंड आल्यामुळे चिडलेलं मूल, पहिल्यांदा शाळेत गेलेलं मूल, सगळ्यांच्या बाबतीत हेच. चांगल्या गोष्टीत त्या मुलाला आधी आपली भीती जशीच्या तशी दिसते, कोणीतरी ती खरी मानलेली दिसते, मग गोष्टीतलं पात्र काहीतरी करून बघतं, फसतं, परत करून बघतं. यात बोध नाही असं नाही, पण तो मुलाने स्वतः काढलेला असतो. शेवटच्या पानावरची ती ओळ लेखक मुलासाठी लिहीतच नाही, पुस्तक विकत घेणाऱ्या मोठ्या माणसाला खूश करायला लिहितो.

‘सोपेच शब्द वापरा’ हाही याच मुद्द्याचा भाग. हेज आणि अ‍ॅरेन्स या दोन संशोधकांनी १९८८ मध्ये इंग्रजीत मोजणी करून दाखवलं होतं की दर हजार शब्दांमागे कमी वापरातले, म्हणजे सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या दहा हजार शब्दांच्या बाहेरचे, शब्द कुठे किती येतात. शिकलेसवरलेले पदवीधर मित्रांशी किंवा जोडीदाराशी गप्पा मारतात त्यात १७.३. रात्री मोठ्यांसाठी लागणाऱ्या लोकप्रिय टीव्ही मालिकांत २२.७. आणि मुलांच्या पुस्तकांत ३०.९. शाळेत न जाणाऱ्या चिमुकल्यांच्या पुस्तकांतही १६.३, म्हणजे जवळजवळ त्या पदवीधरांच्या गप्पांइतकेच. कोणी म्हणेल ही इंग्रजीची गोष्ट आहे, आकडे दुसऱ्या भाषेत वेगळे येतील, येऊ देत. पण घरात कितीही बोललं तरी जे शब्द मुलाच्या कानावर पडणार नाहीत ते पुस्तकातून पडतात हे कोणत्याही भाषेत खरं आहे, आणि ‘काहीही चालतं’ म्हणून ते काढून टाकलेत तर पुस्तकाचं मोठं कामच तुम्ही काढून टाकलंत. अवघड शब्द नको असं नाही, तो अशा जागी हवा की चित्र आणि बाजूची वाक्यं मिळून त्याचा अर्थ मुलाच्या हातात देतील. ही जागा शोधण्यातच माझे निम्मे दिवस जातात.

एआयची चित्रं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने एका कॉमिकबद्दल निर्णय दिला की त्यातला मजकूर आणि मांडणी लेखिकेची, पण एआयने तयार केलेल्या एकेका चित्रावर तिला कॉपीराइट मिळणार नाही. म्हणजे निदान तिथे तरी तुमच्या ‘स्वतःच्या’ पुस्तकातली अशी चित्रं तुमची नाहीतच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनला आपल्या स्वप्रकाशनाच्या सेवेवर एका खात्यावरून एका दिवसात तीनच नवीन पुस्तकं अशी मर्यादा घालावी लागली, यावरून किती माल ओतला जातोय ते समजा, त्या ढिगात तुमचं वीकेंडवालं पुस्तक कोण शोधणार? आणि चित्रकार हा नुसता मजकुराला चित्र जोडणारा माणूस नसतो. त्याची रेखाटनं हातात आली की मी माझी वाक्यं खोडत सुटते, कारण मुलगी रुसलीय हे तिच्या खांद्यांवरून दिसत असेल तर ‘ती रुसली’ लिहायची गरजच काय.

रॉयल्टी. पुस्तकामागे मिळणारे थोडे टक्के, चित्रपुस्तकात तेही सहसा चित्रकाराबरोबर वाटून. अ‍ॅडव्हान्स (आगाऊ रक्कम) मिळाला असेल तर आधी तो रॉयल्टीतून फिटतो, मग पुढचे पैसे सुरू, फिटलाच तर. हिशोब वर्षातून एकदा-दोनदा येतो, आणि पुनर्मुद्रण थांबलं की संपलं. आम्ही बहुतेक जण दुसरी कामं करतो, कोणी शिकवतं, कोणी भाषांतर करतं. माझा दिवस म्हणजे सकाळचे थोडे तास लिहिणं आणि मग संपादकाच्या मेलना उत्तरं, प्रूफं, करारातली कलमं वाचणं, शाळांमधल्या वाचनाच्या कार्यक्रमांची तयारी, त्यातल्या कित्येकांचे पैसेच कोणी देत नाही. हे ‘घरबसल्या’ कुठे बसतं ते मला सांगा.

स्वतः पुस्तक काढून यश मिळतं, हे मात्र मान्य करावं लागतं. इंग्रज लेखिका-चित्रकार बिआट्रिक्स पॉटर यांना प्रकाशकांनी नकार दिले म्हणून डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती स्वतः छापून घेतल्या आणि पुढच्याच वर्षी प्रकाशकाने ते रंगीत काढलं. पण ती गोष्ट त्यांनी एका आजारी मुलाला सचित्र पत्रात लिहून पाठवली होती १८९३ मध्ये. आठ वर्षं झाली मध्ये, वीकेंड नाही.

घरात मूल असलं की अर्धे लेखक, यात थोडं तथ्य आहे. मुलं कशी बोलतात, कुठे अडतात, हे रोज कानावर पडतं. पण आपलं मूल हा गोष्टीचा अतिशय कच्चा परीक्षक असतो, त्याला आईच्या मांडीत बसायला मिळतंय म्हणून गोष्ट आवडते. तीच गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी अनोळखी मुलांना वाचून दाखवायला द्या, आपण मध्ये न बोलता, आणि बघा ते कुठल्या शब्दाला थांबतात, मुलं कुठे चुळबुळ करतात.

बहिणीला मी फी भरू नको म्हटलं, निदान दोन प्रश्नांची लेखी उत्तरं येईपर्यंत तरी. कोर्स घेणाऱ्यांचं स्वतःचं कुठलं पुस्तक कोणत्या प्रकाशकाने काढलंय, आणि ‘आम्ही तुमचं पुस्तक प्रकाशित करून देऊ’ यात छपाईचा खर्च कोण करणार व हक्क कोणाकडे राहणार. पुस्तक स्वीकारणारा नेहमीचा प्रकाशक लेखकाकडून पैसे घेत नाही, तो देतो. आणि लिहायचंच असेल तर लायब्ररीतून आवडलेली दहा-पंधरा चित्रपुस्तकं आणून त्यांचा नुसता मजकूर हाताने उतरवून काढ, चित्रांशिवाय, म्हणजे किती कमी लिहिलंय आणि काय काय मुद्दाम सोडलंय ते दिसेल. मग स्वतःची डमी कर. ती वाचायला मी कधीही तयार आहे, फुकट.