मिनियापोलिसने पोलीस दल खरंच बरखास्त केलं होतं का? एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर नाशिकच्या दादाने एक फॉरवर्ड टाकला. दोन दिवसांत तोच मजकूर शाळेच्या ग्रुपवर आला आणि मग इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही. मजकूर थोडक्यात असा: "अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने २०२० मध्ये पोलीस दल बरखास्त केलं. त्यामुळे खून दुप्पट झाले. शेवटी तिथल्याच लोकांनी मतदान करून पोलीस परत आणले. जगात कुठेही पोलीस मोडून भलं झालेलं नाही. आपल्याकडे पोलीस सुधारणांच्या गप्पा मारणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा."

मी दक्षिण मिनियापोलिसमध्ये राहते. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, २८ मे २०२० च्या रात्री, चिडलेल्या जमावाने लेक स्ट्रीटवरचं थर्ड प्रिसिंक्ट, म्हणजे आमच्या भागाचं पोलीस ठाणं, पेटवून दिलं. सकाळी दार उघडलं तर पायरीवरच्या तुळशीच्या कुंडीत अर्धवट जळलेले कागद येऊन पडले होते. आमचं औषधांचं दुकान त्या रात्री गेलं. शिवाय माझे वडील हवालदार होते, मी पोलीस लाइनीत वाढले. त्यामुळे 'पोलीस हवेत की नकोत' हा माझ्यासाठी टीव्हीवरच्या चर्चेचा विषय नाही, आणि हा फॉरवर्ड वाचून मला पुढे सरकता आलं नाही.

पहिलंच वाक्य घेऊ. "पोलीस दल बरखास्त केलं." नाही केलं. एका दिवसासाठीसुद्धा नाही.

झालं ते असं. २५ मे २०२० ला अडतिसावा रस्ता आणि शिकागो अॅव्हेन्यूच्या चौकात डेरेक शॉव्हिन या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि त्यात त्यांचा जीव गेला. तक्रार होती वीस डॉलरच्या खोट्या नोटेची. पुढे ७ जूनला पावडरहॉर्न पार्कमध्ये १३ पैकी ९ नगरसेवक मंचावर उभे राहिले आणि आम्ही हे पोलीस खातं संपवण्याची प्रक्रिया सुरू करतो, असं त्यांनी जाहीर केलं. जगभर बातमी गेली ती याची. महापौर जेकब फ्रे यांनी मात्र आदल्याच दिवशी मोर्चासमोर याला नकार दिला होता आणि लोकांनी हुर्यो करून त्यांना तिथून घालवलं होतं.

घोषणा झाली, पण ती अमलात आणण्याचा अधिकार नगरसेवकांकडे नव्हताच. शहराच्या सनदेत, म्हणजे शहराचा कारभार ज्यावर चालतो त्या मूळ कायद्यात, १९६१ पासून तरतूद आहे की दर हजार रहिवाशांमागे किमान १.७ इतकं पोलीस मनुष्यबळ ठेवावंच लागेल. ती बदलायची तर सनद बदलावी लागते आणि ते मतदारांच्या हातात आहे. नगरसेवकांनी जूनअखेर एकमताने दुरुस्ती सुचवली. ती न्यायाधीशांनी नेमलेल्या सनद आयोगाकडे गेली. आयोगाने ऑगस्टमध्ये आणखी मुदत घेतली आणि त्या वर्षीच्या मतपत्रिकेवर प्रश्न आलाच नाही.

मग बजेट. डिसेंबर २०२० मध्ये पोलिसांच्या सुमारे १७ कोटी ९० लाख डॉलरच्या बजेटमधले जवळपास ८० लाख डॉलर हिंसा रोखण्याच्या आणि मानसिक आरोग्याच्या कामांकडे वळवले. पाच टक्केसुद्धा नाहीत. त्याच वेळी ८८८ पोलिसांची मंजूर संख्या खाली आणण्याचा प्रस्तावही फेटाळला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर याच नगरसेवकांनी नव्या भरतीसाठी ६४ लाख डॉलर मंजूर केले. बरखास्त झालेलं खातं आठ महिन्यांनी भरती करतंय, असं कुठे असतं का?

त्या नऊ जणांचा मला राग आहे, तोही सांगून टाकते. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे न बघता त्यांनी दुखावलेल्या शहराला एवढं मोठं वचन दिलं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना खरंच वाटलं की उद्यापासून ९११ या मदतीच्या नंबरला फोन केला तर कुणी येणार नाही. ती भीती त्या मंचावरून आली.

पोलीस कमी झाले, हे मात्र खरं आहे. २०२० च्या सुरुवातीला सुमारे ९०० होते, पुढच्या दोन-तीन वर्षांत ते ६०० च्या खाली आले. त्यांना कुणी काढलं नव्हतं. काहींनी राजीनामे दिले, काही निवृत्त झाले आणि मोठ्या संख्येने लोक मानसिक आघाताचे दावे दाखल करून बाहेर पडले. उत्तर मिनियापोलिसच्या आठ रहिवाशांनी यावर शहराला कोर्टात खेचलं. जून २०२२ मध्ये आमच्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सनदेप्रमाणे ७३१ पोलीस ठेवणं ही महापौरांची कायदेशीर जबाबदारी आहे. म्हणजे कायदा तर उलट 'पोलीस ठेवाच' असं सांगत होता.

दुसरं वाक्य, "त्यामुळे खून दुप्पट झाले." खून वाढले, खूप वाढले. २०१९ मध्ये पन्नासच्या आत होते, २०२० मध्ये ऐंशीच्या वर गेले, २०२१ मध्ये नव्वदच्या वर. या आकड्यांमागची घरं आमच्या शहरात आहेत, म्हणून यात काटछाट करून बोलणार नाही. माझा आक्षेप 'त्यामुळे' या शब्दावर आहे. गोळीबार वाढला तो मेअखेरपासून, त्या उन्हाळ्यात. बजेटमधले पैसे हलले डिसेंबरात. परिणाम आधी आणि कारण नंतर, असं होत नाही.

आणि हे फक्त मिनियापोलिसमध्ये झालं नाही. एफबीआयच्या आकडेवारीनुसार २०२० या एका वर्षात सगळ्या अमेरिकेत खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. टेक्सासमधलं फोर्ट वर्थ घ्या. रिपब्लिकन महापौर, बरखास्तीची भाषा कुणाच्या तोंडी नाही, उलट जुलै २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी पोलिसांसाठीचा खास विक्रीकर आणखी दहा वर्षं चालू ठेवला. तिथेही त्या वर्षी खून मोठ्या प्रमाणावर वाढले. कोरोनाची साथ, बंद शाळा, बंदुकांची विक्रमी विक्री, सगळं एकदम आलं होतं. आमच्याकडे आणखी एक गोष्ट झाली: फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर गाड्या थांबवून तपासणी करण्याचं प्रमाण एकदम घसरलं. पोलीस कमी दिसले तर गुन्हेगाराला मोकळीक मिळते, हे मला पटतं. पण याला नगरसेवकांनी खातं मोडलं असं म्हणता येत नाही.

पुढचं वाक्य मतदानाचं, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ती मतपत्रिका मी जवळून पाहिली आहे. माझ्याकडे ग्रीनकार्ड, मला मत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या आधी शेजारच्या आजी नमुना मतपत्रिका घेऊन आमच्याकडे चहाला आल्या. दुसऱ्या प्रश्नावर त्यांचं बोट अडलं होतं. प्रश्न साधारण असा होता: पोलीस खात्याची तरतूद काढून त्या जागी सार्वजनिक सुरक्षा खातं आणावं का, ज्यात 'गरज असल्यास' पोलीस अधिकारी असू शकतील? "गरज असल्यास म्हणजे?" आजींनी मला तीनदा विचारलं. "ती गरज ठरवणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते कागदावर नव्हतंच. तेव्हाचे पोलीस प्रमुख मेदारिया आरादोंदो, ज्यांनी शॉव्हिनविरुद्ध कोर्टात साक्ष दिली होती, त्यांनीही या प्रस्तावाला उघड विरोध केला. सुमारे ५६ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं, ४४ टक्क्यांनी 'हो'. कृष्णवर्णीय वस्ती मोठी असलेल्या उत्तरेकडच्या वॉर्डांनीही 'नाही' म्हटलं.

म्हणजे पोलीस 'परत आणले' हे चूक, ते गेलेच नव्हते. आणि 'नाही' म्हणणाऱ्यांना सुधारणाही नको होत्या, हे त्याहून चूक. आजींनी 'नाही' वर खूण केली आणि पुढच्याच महिन्यात शहराने मनोविकाराच्या फोनवर बिनशस्त्र समुपदेशक पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याइतकं समाधान कुणाला झालं नसेल. त्यांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला झटका आला की फोन करावा की नाही, याचाच त्यांना घोर असायचा. आता गाडीतून दोघं उतरतात, बंदूक नसते, आणि ते त्याच्याशी जमिनीवर बसून बोलतात.

"जगात कुठेही पोलीस मोडून भलं झालेलं नाही." यावर कॅमडेनचं नाव घ्यावंच लागेल. फिलाडेल्फियाच्या समोर, डेलावेअर नदीपलीकडचं न्यू जर्सीतलं गरीब शहर. २०१२ मध्ये लोकसंख्या पाऊण लाखाच्या जरा वर, आणि त्या एका वर्षात ६७ खून. १ मे २०१३ ला तिथलं शहर पोलीस खातं खरोखर बंद झालं आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या, अखत्यारीत नवं दल उभं राहिलं. २०२४ मध्ये खून होते १७.

पण माझ्याच बाजूचे मित्र कॅमडेनचं उदाहरण देतात तेव्हा मी त्यांनाही थांबवते. तिथे पोलीस नको म्हणून खातं बंद केलं नव्हतं. पैसा नव्हता, २०११ मध्ये जवळपास निम्मे पोलीस कामावरून कमी करावे लागले होते आणि युनियनच्या जुन्या करारातून सुटायचं होतं. नवं दल आलं ते जास्त माणसांचं. सुरुवातीला त्यांनी सायकलला घंटी नाही, दिवा नाही अशा कारणांवरून पावत्या फाडून लोकांना हैराण केलं. बळाच्या वापराचे कडक नियम २०१९ मध्ये आले. तिथे मोडले गेले ते जुने करार आणि जुन्या सवयी. पोलीस वाढलेच. जॉर्जिया देशाने २००४ मध्ये लाचखोरीने पोखरलेलं सगळं वाहतूक पोलीस दल घरी बसवून नवी भरती केली. उत्तर आयर्लंडमध्ये २००१ साली जुन्या दलाच्या जागी नवं दल आलं. तेव्हा 'कुठेही नाही' हे टिकत नाही, आणि 'मोडलं की भलं होतं' हेही या उदाहरणांतून निघत नाही.

आता शेवटचं वाक्य, धड्याचं. हा फॉरवर्ड लिहिला गेला तो त्याच्यासाठीच, आणि मला खरं दुखलं तेही इथेच.

फ्लॉइड मेले त्या रात्री पोलिसांनी काढलेल्या पत्रकाचा मथळा होता: पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटना होऊन एकाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेख नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीने फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर चित्रण केलं नसतं तर शहराच्या दप्तरी तेच सत्य राहिलं असतं. पण मी त्याहून जास्त विचार करते तो तीन वर्षं आधीच्या एका रात्रीचा. सप्टेंबर २०१७ मध्ये याच शॉव्हिनने एका चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या घरात टॉर्चने मारलं आणि कितीतरी मिनिटं त्याच्यावर गुडघा रोवून ठेवला. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात ते सगळं टिपलं गेलं होतं. चित्रण खात्याच्याच ताब्यात होतं. तरी शॉव्हिन नोकरीत राहिला, नव्या पोलिसांना शिकवत राहिला. या गुन्ह्याची कबुली त्याने डिसेंबर २०२१ मध्ये दिली. शहराने २०२३ मध्ये त्या मुलाला ७५ लाख डॉलर दिले, आणि त्याआधी फ्लॉइड यांच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख. ते चित्रण २०१७ मध्येच खात्याबाहेरच्या कुणाला पाहायचा अधिकार असता तर?

सुधारणा म्हणजे एवढंच: ते चित्रण कुणीतरी पाहणं. राज्याच्या मानवी हक्क विभागाचा अहवाल २०२२ मध्ये आला, केंद्राच्या न्याय विभागाचा २०२३ मध्ये. दोन्हींनी वर्णभेदी वागणूक आणि अवाजवी बळ नोंदवलं. केंद्राने शहराशी केलेला सुधारणांचा करार मे २०२५ मध्ये नव्या सरकारने मागे घेतला. राज्याशी झालेला करार कोर्टाच्या देखरेखीखाली चालू राहिला. त्यात पोलीस कमी करण्याची अट नाही. उलट २०२४ मध्ये युनियनशी झालेल्या करारात पोलिसांचे पगार तीन वर्षांत वीस टक्क्यांहून जास्त वाढवले.

आपल्याकडचं म्हणाल तर पोलीस सुधारणांचा मूळ निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला दिला. वरिष्ठ अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त वेगळे, राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण. बरखास्तीचा त्यात शब्द नाही. याचिका करणारे प्रकाश सिंह स्वतः पोलीस महासंचालक होते. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तीही पोलीस सुधारणाच. माझ्या वडिलांनी ती बातमी कापून देवघराच्या खणात ठेवली होती.

दादा, तू हा मजकूर ज्या ज्या ग्रुपवर टाकलास, तिथे तिथे हेही टाक. पूर्ण कुणी वाचणार नाही असं वाटत असेल तर निदान एवढं तरी लिही की मिनियापोलिसमध्ये पोलीस खातं एक दिवसही बंद नव्हतं.