बेसिक कमी, भत्ते फार

‘काका, सीपीयू घेऊन या, बघतो,’ एवढंच संगणक दुरुस्त करणारा मुलगा फोनवर म्हणाला. आता सीपीयू म्हणजे टेबलाखाली असतं ते काळं लोखंडी खोकं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते मी जुन्या चादरीत बांधलं, चाळीचे तीन जिने उतरवलं आणि एवढ्या जवळचं भाडं टॅक्सीवाल्यानं नाकारल्यावर भर मे महिन्यात गिरगावातून लॅमिंग्टन रोडपर्यंत पोटाशी धरून नेलं. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय. पण त्या नावानं पत्ता विचारलात तर तिथला दुकानदारच गोंधळतो.) मुलानं झाकण काढलं, पंखा सोडवला आणि आतून चिमटीत एक चौकोन उचलला. प्रत्येक बाजू पावणेचार सेंटिमीटर. मारी बिस्किटाहून लहान.

‘हा सीपीयू. प्रोसेसर, संगणकाचा मेंदू.’

‘मग मी काय आणलं?’

‘ते कॅबिनेट.’

ही सगळी यातायात भाचीमुळे. तिला नोकरीत कंपनीचा लॅपटॉप मिळाला, तेव्हा स्वतःचा जुना तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, ‘मामा, तो तुझा रणगाडा आता भंगारात दे.’ रणगाडा म्हणजे माझा डेस्कटॉप. आत इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर. हा चिप जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला आणि मी त्याच वर्षी घेतला. म्हणजे धोनीनं वानखेडेवर षटकार मारला त्या वर्षी. तेव्हा उठलेला गलका आमच्या गॅलरीपर्यंत आला होता. चाळीचे हिशेब, माझी पेन्शन, दोन मुलांची लग्नं, सगळं त्या खोक्यात आहे.

भाचीचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज दहाकडे पाठ फिरवली, म्हणजे तिची नेहमीची देखभाल थांबवली, आणि विंडोज अकरा इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या मंडळींनाच घरात घेते. माझा दुसऱ्या पिढीतला. २४०० मधला पहिला दोन म्हणजे पिढी, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. भाचीच्या लॅपटॉपमध्ये आय-फाइव्ह ८२५० यू, म्हणजे आठवी पिढी, साल २०१७. ‘यू’ म्हणजे काय, असं बायकोनं विचारलं. कमी वीज खाणाऱ्या पातळ लॅपटॉपच्या चिपला ते अक्षर लावतात, असं मी नुकतंच शिकलेलं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला वाटलं, उगाच.’

पण मी बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. व्हाउचर पाहिल्याशिवाय रक्कम देत नाही. दोघांचे आकडे वहीत समोरासमोर मांडले. म्हातारा ३.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३१० कोटी टिकटिक. तरणा १.६, म्हणजे १६० कोटी. ‘आणि हा वेगवान?’ मी भाचीला फोन लावला. ‘अर्ध्यावर आलाय की!’

‘मामा, तो बेस आहे, कायमचा वेग. टर्बोला, म्हणजे थोडा वेळ जोर लावला की, ३.४ ला जातो.’

‘आणि माझा?’

जरा शोधाशोध झाली. ‘तुझा पण ३.४.’

तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही तर पगारपत्रकं! दोघांचा एकूण पगार ३.४. म्हाताऱ्याचं बेसिकच ३.१, भत्ते नावाला. तरण्याचं बेसिक १.६ आणि बाकी सगळा ओव्हरटाइम. आणि ओव्हरटाइम मिळणार कधी? तर ऑफिसात गारवा असेल तेव्हा. मुंबईत.

यातला गारव्याचा भाग विनोद नाही. म्हाताऱ्याच्या नावापुढे ९५ वॉट लिहिलेत, तरण्याच्या पुढे १५. हा विजेच्या बिलाचा आकडा नव्हे. सतत राबताना एवढी उष्णता बाहेर काढायची सोय करा, अशी ती सूचना असते. ९५ काढायला माझ्या खोक्यात वरणाच्या वाटीएवढा पंखा आहे आणि मांजर पसरून झोपेल एवढी मोकळी जागा. लॅपटॉपला बोटभर जाडीत हे सगळं जमवायचं, तेव्हा जास्त तापला की तो आपणच वेग कमी करतो. सहापट कमी उष्णतेत तेवढंच काम होतं, ही मात्र कारागिरीच. माझा ३२ नॅनोमीटरच्या तंत्रानं घडवलेला, तो १४ च्या. आकडा लहान, तितकं नक्षीकाम बारीक. शिवाय दोघांना चार-चार कोअर, म्हणजे चिपमधले कारकून, असले तरी तरण्याचा प्रत्येक कोअर दोन-दोन कामं हाताशी घेतो. आमच्या काउंटरवर एक जण असाच होता. एक गिऱ्हाईक स्लिप भरत असेल तेवढ्यात दुसऱ्याचं पासबुक भरून द्यायचा. आम्ही त्याच्यावर जळायचो. आणि प्रत्येक टिकटिकीत नवा जुन्यापेक्षा थोडं जास्तच उरकतो. त्यामुळे नुसती टिकटिक मोजून काही कळत नाही. ते वहीतलं पान मी खोडलं आणि खोकं एकदा दाखवून घ्यावं म्हणून दुकानात फोन लावला.

लॅमिंग्टन रोडच्या त्या मुलानं एक वेगळीच गोष्ट दाखवली. चिपची उष्णता पंख्याकडे पोचवणारी पेस्ट वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती. ती त्यानं नवी लावली. ब्लोअर मारल्यावर पंख्यातून जी धूळ निघाली, तिच्यात २०११ चं काही ना काही नक्की असणार. मग तो म्हणाला, ‘काका, तुमचा प्रोसेसर ठीक आहे. हार्ड डिस्क म्हातारी झालीय.’ एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारा वेगवान साठा, बसवला, आणि जो संगणक सुरू व्हायला माझा चहा आणि अर्धा पेपर लागायचा, तो चहात साखर ढवळेपर्यंत तयार! इतकी वर्षं मी नाहक प्रोसेसरला शिव्या घातल्या होत्या. खरा आळशी शेजारच्या टेबलावर बसला होता. बँकेत हे माझ्या लगेच लक्षात आलं असतं.

आता शर्यतीला अर्थ आला. मागच्या अनंत चतुर्दशीचं विसर्जनाचं चित्रण भाचीनं फोनवर काढलं होतं, चाळीसेक मिनिटांचं, आणि नागपूरच्या भावाला पाठवायला ते लहान करायचं होतं. तीच फाइल, तेच सॉफ्टवेअर, दोन्हीकडे एकदम बटण. गॅलरीतले चौघे खुर्च्या घेऊन आले. समोरच्या काकांनी शेंगदाणे आणले.

लॅपटॉप सुटला तो सुसाटच. पहिलं मिनिट-दीड मिनिट म्हाताऱ्याची लाज वाटली. मग लॅपटॉपचा पंखा फिरू लागला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अहो, मिक्सर कुणी लावला?’ पडद्यावरचा ३.४ चा आकडा उतरत उतरत दोनच्या आसपास येऊन टेकला. ओव्हरटाइम बंद. इकडे म्हाताऱ्याचे चारही कोअर ३.२ वर, ना वर ना खाली, गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखे. अंतर कमी होत गेलं. तरी शेवटी लॅपटॉपच जिंकला, तीन मिनिटांनी.

‘तीन मिनिटांसाठी एवढं?’ शेंगदाणेवाले काका उठलेच.

भाचीला हार नाही, पण तीन मिनिटांची जीत मानवेना. तिला वाटलं, खालून हवा लागत नाहीये. ती आत गेली आणि पोळपाट घेऊन आली. तीन पायांवरच्या पोळपाटाच्या कडेवर लॅपटॉप तिरका टेकवला, खालून हवा खेळू लागली, आणि दुसऱ्या फेरीत आकडा चांगलाच वर राहिला. अंतर सात मिनिटांवर गेलं. चाचणी तिसऱ्यांदा करता आली नाही, कारण पोळ्यांची वेळ झाली होती आणि पोळपाट ज्या आवाजात परत मागितला गेला, त्यात शास्त्रीय चर्चेला वाव नव्हता.

निकाल मी मान्य केला. इंटरनेटचे आणि बँकेचे व्यवहार लॅपटॉपवर नेले. सुरक्षेची खबरदारीच बंद झालेल्या खोक्यावर पेन्शनचं खातं उघडणं मला पटेना. चाळीचे हिशेबही हलवले. डेस्कटॉपची इंटरनेटची वायर काढली. भंगारवाला वजनावर घेणार होता. फक्त तो यायच्या आधी पाऊस आला.

गिरगावात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. ते नुसते दमट अवस्थेत नांदतात. चौथ्या दिवशी मी लॅपटॉपवर चाळीची थकबाकी बघत होतो, तर बायको टेबलाखाली वाकलेली. डेस्कटॉपच्या मागच्या जाळीवर तिनं माझे दोन मोजे चिमट्यांनी अडकवले होते आणि हाताने हवा तपासत होती.

‘गार येतेय,’ ती म्हणाली.

‘काही काम नसलं की तो तापत नाही.’

ती सरळ उभी राहिली. भंगारवाल्याचा विषय तिनंच काढला होता, तोही गेली सहा वर्षं.

‘मग ते विसर्जनाचं परत एकदा लहान करायला लावा ना,’ ती म्हणाली. ‘टॉवेलपण ओला आहे.’